तीन पाळ्या, एकच माणूस
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी सेवा करणाऱ्यांचे मन आणि श्रद्धा

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची देखभाल आपल्याकडे मुख्यतः घरात होते. ती करणारी बहुतेक वेळा घरातलीच एखादी बाई असते: बायको, सून, मुलगी, कधी म्हातारी आई. काही घरांत निवृत्त नवरा किंवा धाकटा मुलगा हे काम अंगावर घेतो. या माणसाला कोणी शिकवलेले नसते, पगार नसतो, सुट्टी नसते. रुग्णाचा ताप, रक्तदाब, लघवीचे प्रमाण वहीत लिहिले जाते. सेवा करणाऱ्याच्या मनाची नोंद कुठेच होत नाही. ती ठेवायला कुटुंबाने शिकले पाहिजे, कारण खाटेवरच्या माणसाचे उरलेले आयुष्य याच एका जिवाच्या बळावर चालते.

चंद्रपूर-गडचिरोली भागात हा प्रश्न मोठा आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. त्यात लकवा म्हणजे पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण निघाले. साधारण सात मृत्यूंमागे एक लकव्याचा होता आणि त्यांतली बहुतेक माणसे घरीच वारली. लकव्यातून जगलेल्यांपैकी अनेकांना पुढे काही महिने ते काही वर्षे दुसऱ्याच्या हातावर जगावे लागते. घुग्घुससारख्या कोळसा खाणी, सिमेंट आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या गावात यात मणक्याच्या दुखापती, फुप्फुसाचे जुने आजार, कर्करोग आणि म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड यांची भर पडते.

कामाचे खरे स्वरूप

पूर्ण परावलंबी रुग्णाचा दिवस दोन-दोन तासांच्या तुकड्यांत विभागलेला असतो. शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. गिळायला त्रास असेल तर एक वाटी पेज भरवायला पाऊण तास जातो, कारण घोट खाली उतरला की नाही हे पाहूनच पुढचा चमचा द्यायचा असतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा पाठीखालचा घाम पुसणे, कूलरमध्ये पाणी भरणे, वीज गेली की हाताने वारा घालणे हेही वाढते. खाणीजवळच्या क्वार्टरमध्ये सकाळी पुसलेल्या खाटेच्या कठड्यावरून दुपारी पुन्हा ओले फडके फिरवले की फडक्यावर काळी रेघ उमटते. ते फडके पिळताना आपले काम कधी संपतच नाही, ही जाणीव बाईला रोज नव्याने होते.

रात्रही अशीच जाते. खाटेशेजारी चटई टाकून झोपलेल्या बायकोला घरातल्या टीव्हीच्या आवाजाने जाग येत नाही, पण रुग्णाच्या श्वासाची लय जराशी बदलली की ती उठून बसते. तिचा कान झोपेतही पहाऱ्यावर असतो. अशी तुकड्यातुकड्यांची झोप महिनोन्‌महिने चालली की चिडचिड वाढते, विसरायला होते, दिलेली गोळी दिली की नाही आठवत नाही. घरच्यांना वाटते, तिचा स्वभावच बदलला. प्रत्यक्षात ती झोपलेली नसते. म्हणून मनाविषयीच्या कोणत्याही सल्ल्याआधी झोपेचा हिशेब मांडावा लागतो.

भावना कोणत्या क्रमाने येतात

पहिले काही आठवडे धावपळीचे असतात. दवाखाना, तपासण्या, पैशांची जमवाजमव, भेटायला येणारे नातेवाईक. या काळात सेवा करणाऱ्याला थकवा जाणवत नाही, कारण आशा तिला उभी ठेवते. ‘दोन महिन्यांत चालायला लागतील’ या वाक्यावर सगळे घर चालते.

तीन ते सहा महिन्यांनंतर चित्र बदलते. सुधारणा थांबते, भेटणारे कमी होतात, डबा आणून देणारी शेजारीणही आपल्या संसाराला लागते. आशा पूर्ण सुटत नाही आणि धरूनही ठेवता येत नाही. हाच काळ सर्वांत अवघड असतो, आणि कुटुंबाने सर्वाधिक लक्ष देण्याची वेळही हीच.

वर्ष उलटले की अनेकांचे मन बधिर होते. हात काम करत राहतात. आनंद, दुःख, राग काहीच नीट जाणवत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा स्थितीला संदिग्ध वियोग म्हटले आहे. माणूस डोळ्यांसमोर असतो, पण ज्याच्याशी बोलायचे, भांडायचे, सल्लामसलत करायची तो राहिलेला नसतो. मेलेल्या माणसासाठी रडायला समाज जागा देतो. जिवंत माणसासाठी रडणाऱ्या बायकोला मात्र ‘अभद्र बोलू नको’ म्हणून गप्प केले जाते. तिला रडू द्यावे. तिचे दुःख खरे आहे आणि ते आजच घडत आहे.

ज्या भावनांची लाज वाटते

राग. रुग्ण मुद्दाम त्रास देतो, नुकताच बदललेला कपडा पुन्हा ओला करतो, असे वाटते. लकव्यात आणि विस्मृतीच्या आजारात मेंदूच्या इजेमुळे हट्ट, संशय, शिवीगाळ, कारण नसताना रडणे-हसणे होऊ शकते. हे रुग्णाच्या हातात नसते. राग अनावर झाला तर रुग्ण सुरक्षित आहे एवढे पाहून पाच मिनिटे खोलीबाहेर जावे, तोंडावर पाणी मारावे, मग परत यावे. हात उगारला गेला, जोरात ओढले गेले, तर पश्चात्ताप करत बसण्याऐवजी त्याच दिवशी घरात सांगावे. ती मदत मागण्याची वेळ असते.

किळस. जवळच्या माणसाचे हगमूत काढताना मळमळते आणि मळमळल्याची लाज वाटते. याबाबत चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची एक गोष्ट आठवावी. १९४९ साली आनंदवन उभे करणारे बाबा आमटे त्याआधी वरोऱ्यात मैला वाहण्याचे काम स्वतः करत होते. पावसात रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला, तेव्हा तेही भीतीने पळाले होते. नंतर परत येऊन त्यांनी त्याची सेवा केली आणि पुढचे आयुष्य ते त्या भीतीशीच झुंजले. शरीर आधी मागे सरते. माणूस पुन्हा पुढे होतो. हातमोजे, नाकावर रुमाल, आधीच तयार ठेवलेले पाणी आणि कपडे, काम झाल्यावर साबणाने हात धुणे आणि लगेच एक कप चहा, एवढी शिस्त ठेवली तर किळस बरीच आटोक्यात येते.

‘आता सुटावे’ हा विचार. लांबलेल्या आजारपणात कधी तरी ‘देवाने यांना उचलले तर बरे’ असे मनात येते आणि पुढच्याच क्षणी माणूस स्वतःला पापी समजू लागतो. हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. त्यात दोघांच्याही यातना संपाव्यात एवढीच इच्छा असते. तो विश्वासातल्या एका व्यक्तीजवळ बोलून दाखवावा. बोलला की त्याचे ओझे हलके होते. रुग्णाला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार मात्र वेगळा असतो. तो मनात आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

अपराधीपणा. ‘त्या दिवशी लवकर नेले असते तर’, ‘मी झोपले आणि नळी निघाली’. असे ‘तर’ संपत नाहीत. त्या दिवशी हाताशी किती माहिती, किती पैसा, कोणते वाहन होते हे कागदावर लिहून पाहिले की दोष आपोआप लहान होतो.

हेवा. जाऊबाई लग्नाला जाते, नणंद दोन दिवस येऊन सल्ले देऊन जाते. त्याचा राग येणे साहजिक आहे. हा राग गिळून ठेवला की तो शेवटी रुग्णावर निघतो. त्यापेक्षा नेमकी मदत मागण्यासाठी तो वापरावा.

देव, कर्म आणि प्रार्थना

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्न रुग्णांसाठीचे रुग्णालय सुरू करणाऱ्या सिसिली सॉण्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. वेदनेला शरीर, मन, समाज आणि अध्यात्म अशा चार बाजू असतात, असे त्यांचे म्हणणे होते. या चारही बाजू सेवा करणाऱ्यालाही तंतोतंत लागू पडतात. तिची पाठ दुखते, मन दुखते, ती लोकांपासून तुटते आणि ‘आमच्याच घरी का?’ हा प्रश्न तिला झोपू देत नाही.

या प्रश्नाला गावात तयार उत्तरे मिळतात. ‘मागच्या जन्मीचे भोग’, ‘कुणी करणी केली’, ‘घरात देवाचे काही राहिले’. पहिल्या उत्तराने रुग्ण आणि सेवा करणारी दोघेही गुन्हेगार ठरतात. भेटायला आलेल्यांनी ते तोंडावर आणूच नये. लकवा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू अशा कारणांनी येतो हे डॉक्टरांकडून सगळ्या घराने एकदा एकत्र ऐकावे. करणीच्या संशयाने शेजार तुटतो आणि मदतीचा हातच जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करणे, उपाशी ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. नवस, अंगारा, ताईत याने कुणाला धीर येत असेल आणि औषध बंद होत नसेल, तर त्यावरून घरात भांडण करण्यात अर्थ नाही. औषध थांबवायला, कर्ज काढायला किंवा रुग्णाला उन्हातून फिरवायला कोणी सांगू लागले, तर तिथे ठाम नकार द्यावा.

दुसरी अडचण आचाराची असते. दिवसभर मलमूत्राला हात लावणाऱ्या बाईला वाटते, आपण देवाजवळ जाण्यालायक राहिलो नाही. मासिक पाळीच्या दिवसांत काही घरांत तिला देवघर बंद असते. रुग्णाचे सगळे मात्र तिलाच करावे लागते. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते, आषाढात गावातली माणसे पंढरीला निघतात, ती मात्र उंबरठ्याबाहेर पडू शकत नाही. आपली भक्ती सुटली, ही खंत तिच्या मनात घर करते.

या खंतीवर मराठी परंपरेतच उतारा आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता म्हणून दारात आलेल्या विठ्ठलाला त्याने विटेवर थांबायला सांगितले, आणि देव थांबला. पंढरपूरची सगळी वारी त्या थांबण्यातून उभी राहिली आहे. सेवेत गुंतलेल्या माणसाची वाट देव पाहतो, ही वारकऱ्यांच्या श्रद्धेची पहिलीच गोष्ट आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी, कीर्तनकारांनी, पुजाऱ्यांनी ती या बाईला मोठ्याने सांगितली पाहिजे.

चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, आणि या भागात बौद्ध घरे खूप आहेत. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या आणि कोणी न विचारलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, आणि बुद्धांची सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशी शिकवण दिली. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले आहेत: औषध देता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची घृणा न बाळगणे आणि रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणे. मैत्री आणि करुणेच्या जोडीला धम्म उपेक्षाही सांगतो. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पालीत तिचा अर्थ समतोल मन. आपण सगळे प्रयत्न केले, परिणाम आपल्या हातात नाही, हे शांतपणे मान्य करणे म्हणजे उपेक्षा. लांबलेल्या शुश्रूषेत हीच सर्वांत उपयोगी पडते.

मुस्लिम घरांत आजाऱ्याच्या विचारपुशीला, इयादतीला, पुण्याचे काम मानतात. ती विचारपूस सेवा करणाऱ्यापर्यंतही पोहोचावी. आयुर्वेदही सेवा करणाऱ्याला मान देतो. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. सेवा करणारा तिथे वैद्याच्या पंक्तीला बसतो.

रोजच्या उपासनेसाठी थोडे पुरते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या गावागावांत संध्याकाळी होते. तिथे जाता आले नाही तरी त्याच वेळी घरात दहा मिनिटे दिवा लावून बसता येते. रुग्णाला ऐकू येत असेल तर त्याच्या खाटेशीच बसावे. कुणी आनापान म्हणजे श्वासावरचे ध्यान करील, कुणी त्रिशरण-पंचशील म्हणेल, कुणी नमाज पढेल, कुणी गोंडांच्या पेरसापेन देवाचे नाव घेईल. देव न मानणाऱ्याने दारात खुर्ची टाकून आभाळाकडे पाहत बसावे. त्या दहा मिनिटांत सेवा करणाऱ्याला कोणी हाक मारू नये, एवढे घराने पाळावे. देवावर राग आला तर तोही दाबू नये. रुसलेला भक्त आपल्या परंपरेत परका नाही.

सेवेला पाळी लावणे

घुग्घुसमध्ये पाळी म्हणजे काय हे लहान मुलालाही कळते. पहिल्या पाळीचा माणूस वर आला की दुसऱ्या पाळीचा खाली उतरतो. १९५२ च्या खाण कायद्याने भूमिगत कामगारासाठी दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक साप्ताहिक सुट्टी अशी मर्यादा घातली, कारण थकलेला माणूस स्वतःला आणि दुसऱ्यालाही धोक्यात घालतो. त्याच कामगाराच्या घरी मात्र एकच बाई तिन्ही पाळ्या करते आणि तिला सुट्टीचा वार नसतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग या आपल्या अंथरुणाला खिळलेल्या सहकारी परिचारिकेची नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. ज्यांनी अरुणाताईंना चालताना-बोलताना कधी पाहिले नव्हते, अशा तरुण परिचारिकांनीही ती पुढे चालवली, आणि अंगावर शय्याव्रणे होऊ दिली नाहीत. त्यामागे माया होती, तसा पाळ्यांचा तक्ताही होता. एकटीने एवढी वर्षे ते कुणालाच जमले नसते. घरात रुग्णालयाची यंत्रणा उभी राहणार नाही. तक्ता मात्र लावता येतो.

तो असा लावावा:

१. एका कागदावर चोवीस तासांतली सगळी कामे वेळेसह लिहावीत: कूस, औषध, भरवणे, अंग पुसणे, कपडे धुणे, डॉक्टरांशी फोन. काम डोळ्यांना दिसले की त्याची वाटणी होते.

२. पहिली वाटणी रात्रीची करावी. मुख्य सेवा करणाऱ्याला आठवड्यातून किमान दोन रात्री दुसऱ्या खोलीत सलग झोपू द्यावे. मुलगा रात्रपाळीला जात असेल तर त्याच्या सुट्टीची रात्र यासाठी ठरवावी.

३. पुरुषांनी ‘बाहेरचे’ काम करून मोकळे होऊ नये. उचलणे, कूस बदलणे, दाढी करणे, आंघोळ घालणे ही ताकदीची कामे त्यांनी शिकून घ्यावीत. पुरुष रुग्णाची लाजही त्यामुळे राखली जाते.

४. दूर राहणाऱ्या भावंडांनी पैसे पाठवावेत आणि वर्षातून ठरलेले दिवस येऊन राहावे. ते दिवस पाहुणचाराचे नसून पाळीचे असतात.

५. भेटायला येणाऱ्याला नेमके काम सांगावे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणाऱ्याला ‘रविवारी चार ते सहा बसाल का?’ असे विचारावे. केरळात कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या परिहार सेवेतून (पॅलिएटिव्ह केअर) पुढे शेजाऱ्यांचे मोठे जाळे उभे राहिले. त्यात स्वयंसेवकाकडून आठवड्याला दोन तासांची अपेक्षा असे. वॉर्डातल्या महिला बचत गटाला, भजनी मंडळाला, बुद्ध विहाराच्या समितीला हे सहज जमण्यासारखे आहे.

६. सुट्टीचा वेळ कामात घालवू नये. मोकळे मिळालेले दोन तास बाजारहाट आणि धुण्यात गेले तर ती सुट्टी झाली नाही.

७. शाळकरी मुलीला पाळीत घेताना जपावे. पाणी देणे, पेपर वाचून दाखवणे ठीक. तिची शाळा आणि झोप यांना हात लावू नये.

रुग्णाशी नाते टिकवणे

सेवा निव्वळ कामांची यादी झाली की दोघेही एकटे पडतात. वाचा गेलेल्या रुग्णालाही अनेकदा सगळे कळत असते. त्याच्यादेखत ‘आता काही राहिले नाही’ असे बोलू नये. अंगाला हात लावण्यापूर्वी ‘आता कूस बदलते हं’ असे सांगावे, दार लोटावे, अंगावर चादर ठेवूनच कपडे बदलावेत. रुग्णाला जमेल तेवढे ठरवू द्यावे: आधी चहा की आधी अंग पुसणे, खिडकी उघडी की बंद. दिवसातून एकदा कामाशिवाय जवळ बसावे. हात हातात घेऊन खाणीतल्या जुन्या गोष्टी काढाव्यात, आवडते गाणे लावावे. ती पंधरा मिनिटे सेवा करणाऱ्याला बायको, मुलगी, आई म्हणून परत मिळतात.

नवरा-बायकोत एक अवघड मौन असते. शरीराची जवळीक संपलेली असते आणि त्याविषयी बोलणे पाप वाटते. शेजारी झोपणे, केस विंचरून देणे, तेल लावणे यातही जवळीक असते. उरलेल्या उणिवेचे दुःख मान्य करावे. ते निष्ठा कमी झाल्याचे लक्षण नाही.

पैसा आणि घरातले वाद

कोळसा उद्योगाच्या वेतन करारात कामगार मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला तर आश्रिताला नोकरी देण्याची तरतूद आहे. त्यामुळे वडिलांच्या खाटेभोवती भावाभावांत तेढ येते. नोकरी मिळालेल्याला ‘बापाच्या दुखण्यावर जगतो’ ही टोचणी, न मिळालेल्याला अन्यायाची भावना, आणि सेवा करणारी सून दोघांच्या मध्ये. ज्याला नोकरी मिळाली त्याने सेवेचा खर्च आणि मदतनीस बाईचा पगार उचलावा, हे मोठ्यांच्या समोर लिहून ठरवले की पुढची पुष्कळ कटुता टळते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आहे आणि मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून ठेवले तर योजनांचा मार्ग मोकळा होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. हे कागद जमवायचे काम सेवा करणाऱ्याच्या डोक्यावर टाकू नये. घरातल्या दुसऱ्या माणसाने ते घ्यावे.

धोक्याची लक्षणे

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. वर मात्र आदल्या क्षणापर्यंत नांदते घर होते. सेवा करणारे माणूसही असेच वरून उभे दिसते. म्हणून पुढील खुणा वेळेवर ओळखाव्यात:

• दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदासी, कशातच रस नसणे.
• संधी मिळूनही झोप न येणे, किंवा सकाळी उठावेसेच न वाटणे.
• भूक मरणे, वजन उतरणे, स्वतःच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या चुकवणे.
• रुग्णाला हिसका देणे, ओरडणे, किंवा त्याच्याकडे पाहवेनासे होणे.
• दारू, खर्रा, झोपेच्या गोळ्या वाढणे.
• ‘मीच मेले तर बरे’ असे बोलणे. हे कधीही थट्टेवारी नेऊ नये.

यांपैकी काही दिसले तर जवळच्या दवाखान्यात, चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीदेखील बोलता येते. वृद्धांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. घरी येणाऱ्या आशाताईंनाही रुग्णाइतकीच स्वतःची अवस्था सांगावी.

सेवा संपल्यावर

रुग्ण गेल्यावर पहिली भावना अनेकदा सुटकेची असते आणि तिच्या पाठोपाठ अपराधीपणा येतो. सुटका वाटणे हे थकलेल्या शरीराचे सत्य आहे. प्रेम त्याने खोटे ठरत नाही. महिनोन्‌महिने रात्री दोन वाजता जाग येत राहते, हात आपोआप खाटेकडे जातो. तेरवीनंतर पाहुणे पांगतात, तेव्हा ही पोकळी सर्वांत जास्त जाणवते. ‘आता तू मोकळी झालीस’ असे म्हणू नये. तिचा सगळा दिवस ज्या कामाने भरलेला होता ते काम एका क्षणात गेलेले असते.

पहिले काही आठवडे तिला झोपू द्यावे आणि तिच्या स्वतःच्या राहिलेल्या तपासण्या करून घ्याव्यात. खाट लगेच हलवायची की नाही हे तिला ठरवू द्यावे. सुटलेली यात्रा, माहेरची भेट, बंद पडलेले शिवणकाम हळूहळू परत सुरू करावे. कुणी तिच्याजवळ शेवटच्या दिवसांविषयी विचारले तर तिला पुन्हा पुन्हा सांगू द्यावे. सांगता सांगताच ते दिवस मागे पडतात.

काही काळाने तिच्याजवळ एक मोठे ज्ञान शिल्लक राहते. एकट्याने कूस कशी बदलायची, घोट कसा भरवायचा, रात्रीचा श्वास कसा ऐकायचा. एअर बेड, व्हीलचेअर, उरलेली पॅड वॉर्डातल्या दुसऱ्या घरी देताना ती सोबत गेली, तिथल्या सुनेला हे हाताला धरून शिकवले आणि रविवारी दोन तास तिच्या जागी बसली, तर त्या घराच्या तक्त्यात आणखी एक पाळी भरते.